जाईबाईंची आखूड ओढ, लांब ओढ

जाईबाई मढवी भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता कोपरखैरण्यात कुणीही त्यांचं नाव काढलं की "वाघीण बाई!" म्हणून मोकळं होतं. वाघीण कसली? असं म्हणणाऱ्यांनी त्यांना कंपनीच्या गेटसमोर कधी बघितलं नाही. मी बघितलंय. गेट दिसलं की त्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जायच्या, पदर नाकावर धरायच्या आणि पिसाळलेलं कुत्रं समोर असावं तशा अंग चोरून निघायच्या. त्याच गेटातून त्यांचा नवरा सिताराम सकाळी चालत आत गेला होता आणि दुपारी जीपमधून घरी आला होता.

सिताराम कंत्राटी कामगार. टाकी धुवायला आत उतरला. टाकीत गॅस साठून राहिलेला, आणि वर दोरी धरायला माणूस नाही. पुढचं सांगायला नको. कंपनीचं नाव लिहीत नाही. आज ती तिथं नाहीच. साल एक्याऐंशी. टाक्यांची ती शेड ज्या जमिनीवर उभी होती ती एकेकाळी मढव्यांचीच भातजमीन, नव्या शहरासाठी सरकारनं घेतलेली. म्हणजे गडी स्वतःच्याच शेतात मेला.

आम्ही कामगार गेटवर धरणं धरून बसलो. मी तेव्हा तुर्भ्याला राहायचो, कंत्राटी कामगारांचं काम बघायचो आणि भांडायला मला मुहूर्त लागत नसे. कंपनीचे पर्सनल मॅनेजर नंदकिशोर साहेब. माणूस गोड बोलणारा. शेवटी त्यांनी कबूल केलं, घरातल्या एकाला कायम नोकरी. बाईला झाडूकाम देऊ म्हणाले.

"बाई मॅट्रिक आहे," मी म्हटलं.

"असेल. पण जागा झाडूकामाचीच आहे."

"टेलिफोनवरची मुलगी लग्न करून चालली, ती जागा?"

हे मला वॉचमननं सांगितलं होतं. साहेबांचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाले, "तिथं इंग्रजी बोलावं लागतं, धर्मराज. नुसतं लिहायचं नाही. मुंबईहून हेड ऑफिसच्या मॅडम येऊन टेस्ट घेतात. आधीची मुलगी काय बोलते ते तिकडच्या लोकांना कळायचं नाही, म्हणून त्या आता फार कडक झाल्यात."

"घ्या टेस्ट."

"नापास झाली तर?"

पुढचंही साहेबच म्हणाले, "नापास झाली तर झाडूकामाची जागाही तोवर भरलेली असेल. मग घरातला पुरुष घेऊ. तिचा दीर आहे ना? टाक्यांच्या शेडला हेल्पर लागतोय."

असं ठरलं. आता त्या घरात काय झालं ते ऐका.

दीर म्हणजे पोपट. सितारामपेक्षा लहान, लग्न व्हायचं होतं. जमीन गेलेली, म्हणून वाशीच्या नव्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचा. मिळालं काम तर मिळालं. सासू चांगुणाबाई, गावात ज्यांना सगळे वचकून असत. त्यांनी मला ओट्यावरच अडवलं.

"भाऊ, सितारामची नोकरी सितारामच्या भावाला. ही रीत हाय. बाई मानूस कंपनीत जाऊन काय साहेबांशी गप्पा मारनार?"

"आजी, त्याच शेडमध्ये पाठवता का पोपटला?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. "नशिबात असंल ते."

पोपट भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मी नाय भीत टाकीला. तुमी आमच्या घरात भांडन लावू नका."

आणि जाईबाई? त्या चुलीपाशी होत्या, पाठ आमच्याकडे. त्यांना एक मुलगी, सरस्वती, तेव्हा नुकती शाळेत घातलेली. माहेर मोऱ्याला, उरणकडे. तिथं भावांची घरं भरलेली. चांगुणाबाई नंतर बोलल्या ते मला ऐकवण्यासाठीच होतं: "कमावती झाली तर घरात ऱ्हाईल. नाय झाली तर पोरीला घेऊन मोऱ्याची होडी धरंल. दोन तोंडं पोसायला हितं कोन बसलाय?"

टेस्ट दिवाळीनंतर. पावसाळा नुकता सुरू झाला होता.

मी शिकलोय पाचवीपर्यंत. इंग्रजी कुठं शिकलो विचाराल, तर गोदीत. हमाली करताना बोटीवरच्या खलाशांशी बोलून, रेडिओवरच्या बातम्या ऐकून, आणि चुकलो की शिव्या खाऊन. कॉलेजात जाऊन आलेले माझ्यापुढं इंग्रजीत अडखळतात, हे मी बघितलंय आणि मला त्यात मजा येते. तेव्हा जाईबाईंना शिकवायला मीच बसलो. जागा समाजमंदिराची पडवी, वेळ दुपारची, आणि लोकांनी काही बोलू नये म्हणून सोबत आमच्या वस्तीतल्या बयाबाई. त्या निवडायला तांदूळ घेऊन यायच्या.

वाचायला लावलं तर जाईबाई घडाघडा वाचायच्या. पण काय वाचतात? सगळं एका मापाचं. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. त्यांच्या तोंडात दोन्ही एकच जनावर. फिल म्हणजे भर, फील म्हणजे वाटणं. पुल म्हणजे ओढ, पूल म्हणजे तळं. कान लावून ऐकलं तरी फरक नाही. दोष त्यांचा नाही. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, मास्तर त्याचे मार्क कापतो, पण बोलताना कोण त्याची पर्वा करतं? इंग्रजीत ती पर्वा जिभेला करावी लागते.

"शिप. तोडा तिथंच. लांबवू नका."

"शीप."

"अहो तोडा!"

"शीऽप."

मी ओरडलो की त्यांचा आवाज आत जायचा. आवाज आत गेला की मी आणखी ओरडायचो. एकदा मी पाटी आपटली. पाटी फुटली. जाईबाई उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर घट्ट धरून.

बयाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "धर्मा, त्या कंपनीनं बाईचा नवरा घेतला, आता तू जीव घेनार हायस का? जा, पानी पी जा."

गेलो. परत आलो तेव्हा जाईबाई हलक्या आवाजात बयाबाईंना सांगत होत्या, "मावशी, मना भ्या वाटतं. जीभ वलत नाय. रात झाली की वाटतं, उद्या पोरीला घेऊन होडीत बसावं लागंल."

त्यानंतर जाईबाई येईनाशा झाल्या. मी विचारत विचारत गेलो तर खाडीकडच्या एका मिठागरात सापडल्या. आजूबाजूची आगरं बुजवून प्लॉट पडत होते, पण हे एक अजून उरलं होतं. पावसानं काम केव्हाचं थांबलेलं; बाया आदल्या हंगामाच्या मिठाच्या राशी गवतानं शाकारत होत्या. जाईबाईंचं लहानपण असल्याच आगरात गेलेलं, आईच्या बरोबरीनं.

मी बांधावरूनच बोलायला लागलो. टेस्ट, तारीख, पोरगी, नेहमीचंच. त्या ऐकून घेत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "भाऊ, तुमी 'तोडा' बोलता. काय तोडायचं ता मना कलत नाय. आखूड ओढ आनि लांब ओढ, असा हाय का ता?"

"कसली ओढ?"

त्यांनी बाजूला पडलेली लांब दांड्याची फळी उचलली. मीठ ओढायची ती. आणि कोरड्या बांधावरच मला करून दाखवलं. कुंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, मीठ धरलं की आधी आखूड ओढ द्यायची, मनगटानं, झटक्यात. वरची खपली सुटते आणि खालचा चिखल हलत नाही. सगळी खपली सुटली की मग लांब ओढ, खांद्यापासून, पार बांधापर्यंत. आखूडच्या जागी लांब दिली तर चिखल वर येतो, मीठ काळं पडतं, आणि मुकादम सगळ्यांसमोर आई काढतो.

"म्हना," मी म्हटलं. मीही त्यांच्यासारखंच बोललो त्या घाईत.

त्यांनी मनगट झटकलं. "शिप."

खांद्यापासून ओढलं. "शीप."

पलीकडच्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "जाई, मीठ ओढतेस का बकरं हाकलतेस?" मी हसलो नाही. माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या दिवसापासून आमची गाडी सुटली. पडवीत फळी नव्हती, पण हात होता. आखूड शब्दाला मनगट, लांब शब्दाला खांदा. सिट, सीट. फुल, फूल. लिव्ह, लीव्ह. बयाबाईंच्या सुपाला हात लागून दोनदा तांदूळ सांडले. गणपती झाले, दसरा झाला. जाईबाई वाक्यं बोलायला लागल्या. "प्लीज होल्ड द लाईन." "ही इज नॉट इन हिज सीट." हात सतत चालू. नवशिक्या सायकलवाल्यानं हँडल धरावं तसं त्यांनी हाताला धरलं होतं. आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही की टेलिफोन चालवणाऱ्या माणसाचे हात मोकळे नसतात. आलं तरी कसं असतं? टेलिफोनचा बोर्ड आम्हा तिघांपैकी कुणी बघितलाच नव्हता. आमच्या लेखी बोलायचं काम तोंडाचं.

टेस्टच्या दिवशी जाईबाई गेटपाशी थांबल्या. पायच उचलेना. पोपट आला होता. त्याला आईनं पाठवलेलं, निकाल लागला की लगेच उभं राहायला. इस्त्रीचा शर्ट घालून तो कुंपणापाशी उभा, आणि नजर सारखी शेडकडे.

"वहिनी, जाताव का मी जाव?" तो म्हणाला. बोलला टोचून, पण बघत होता शेडकडेच.

जाईबाईंनी पदर नाकावर धरला आणि आत पाऊल टाकलं.

मी सोबत. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मी टेस्टला बसणार, हे मी भांडून घेतलं होतं. नंदकिशोर साहेबांनी अट घातली होती: "दाराजवळ बसायचं. एक शब्द बोललास की टेस्ट तिथंच रद्द." ती अट माझा स्वभाव बघूनच घातलेली.

खोली लहान. समोर बोर्ड, उभ्या कपाटासारखा, भोकंच भोकं, खाली टेबलासारखी फळी आणि तीवर ओळीनं दोऱ्यांचे प्लग. बाजूला खिडकी. खिडकीतून सरळ टाक्यांची शेड दिसत होती. जाईबाईंनी ती बघितली आणि मानेवरचा घाम पुसला.

हेड ऑफिसच्या मॅडम पांढऱ्या केसांच्या, चष्मा साखळीला. मराठी मोडकं पण प्रेमळ. "बसा, बाई. शब्द वाचायचे. दोन दोन. सावकाश." शब्दांचा पुठ्ठा त्यांनी बोर्डावर टेकवून ठेवला.

जाईबाईंनी हात उचलला. मनगट झटकलं. "शिप." खांदा. "शीप."

मॅडमनी मान डोलावली. तेवढ्यात नंदकिशोर साहेब पुढं झाले.

"एक मिनिट. ऑपरेटरचे दोन्ही हात कामात असतात, बाई. हे धरा." त्यांनी एक प्लग त्यांच्या उजव्या हातात दिला, एक डाव्या. "हा इथं टेकवून ठेवा, तो तिथं. सोडायचे नाहीत. आता वाचा."

खरं सांगतो, त्यात वावगं काही नव्हतं. काम तसंच असतं. पण माझ्या मस्तकात कळ गेली. मी स्टुलावरून अर्धा उठलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते वाटच बघत होते. मी खाली बसलो आणि जीभ दाताखाली दाबून धरली.

"वाचा, बाई."

जाईबाईंचे दोन्ही हात बोर्डाला खिळलेले. ओठ हलले.

"फील."

"पुन्हा?"

"फीऽल."

"आणि दुसरा?"

"फील."

मॅडमनी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "घाबरू नका." पण जाईबाई घाबरल्याच होत्या. पुढचा शब्द तर बाहेरच आला नाही. खिडकीबाहेर शेडचं दार कुणीतरी उघडलं, पत्रा करकरला, आणि जाईबाईंचा सगळा देह दचकला. मला वाटलं, संपलं. मोऱ्याची होडी. त्या पोरीचं शाळेचं दप्तर डोळ्यापुढं आलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाईला येतं हो, सगळं येतं, हात सोडा तिचे! तोंड उघडलं तर टेस्ट रद्द. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो.

मग मला त्यांचे पाय दिसले. बोर्डाखाली, जिथं पुढं उभ्या असलेल्यांना दिसत नाही. आधी उजव्या पायातली चप्पल निघाली. मग डाव्या. अनवाणी टाचा फरशीवर टेकल्या. उजव्या पायाची बोटं आखडली, झटक्यात.

"फिल."

मग सबंध तळवा पुढं गेला आणि सावकाश मागं ओढला गेला, फरशीवरून, पार खुर्चीच्या पायापर्यंत.

"फील."

मॅडमनी चष्मा नीट केला. "पुढं."

"पुल. पूल."

"पुढं."

"सिट. सीट. लिव्ह. लीव्ह."

आवाज बारीक होता, पण मापात. हात जागचे हलत नव्हते. पाय मात्र कामाला लागले होते, चिखल न हलवता. नंदकिशोर साहेबांनी कान टवकारले. घासल्याचा आवाज येत होता. ते वाकले.

"चप्पल का काढली?"

पाय थांबले. जाईबाईंनी मान वळवली नाही. पुठ्ठ्याकडे बघतच म्हणाल्या, "कामावर बसताना चप्पल काढतात, साहेब. आमच्यात तसाच हाय."

आता हे खोटंही नव्हतं. मिठागरात कोण चप्पल घालून उतरतं?

साहेब काही बोलणार होते. मॅडमच म्हणाल्या, "लेट हर बी, मिस्टर नंदकिशोर," आणि पुठ्ठा उलटला. मागं वाक्यं होती. जाईबाईंनी ती सगळी वाचली. कुठं कुठं चुकल्या, दोन ठिकाणी मॅडमनी थांबवून पुन्हा म्हणून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आवाज मोठा करा. सोमवारपासून या. आधी शिकायचं, मग बोर्ड."

प्लग हातातून सोडवून घ्यावे लागले. बोटं घट्ट मिटली होती.

गेटबाहेर पोपटनं आमच्याकडे बघितलं. मी मान डोलावली. सगळ्या वाटेत तो दहा पावलं पुढं चालला, आणि जाईबाई माझ्या मागं राहून म्हणत होत्या, "भाऊ, घरापर्यंत चला. आत्ता मना सासूचा भ्या वाटतं." पास झालेली बाई! पण ती भीती खोटी नव्हती. नोकरी मिळवली म्हणजे दिराच्या तोंडचा घास काढला, असंच गाव म्हणणार होतं, आणि म्हटलंही पुढं.

चांगुणाबाई ओट्यावर बसलेल्या. सरस्वती त्यांच्या मांडीला टेकून. पोपट उंबऱ्याशी थांबला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "आये, वहिनीला लागली."

म्हातारी उठली. जाईबाई तिथंच अंगणात उभ्या राहिल्या, मार खाणाऱ्या माणसासारख्या खांदे वर घेऊन. मीही तयारीत होतो; दोन शिव्या आल्या तर चार द्यायच्या.

"म्हंजे," चांगुणाबाईंनी विचारलं, "पोपट त्या शेडमदी जानार नाय?"

"नाही, आजी."

"बोलावला तरी?"

"बोलावणार नाहीत. एकच जागा होती."

म्हातारी पुन्हा बसली. पदर तोंडात कोंबला, आणि सितारामच्या मयताला मी जो आवाज ऐकला नव्हता तो आता त्या पदराआडून आला. पोपट जागच्या जागी चुळबुळला.

"आये, मी तयार व्हतो."

"व्हतास रं," ती म्हणाली. "म्हनून तं मना झोप नव्हती."

पोपटनं इस्त्रीच्या शर्टाची वरची दोन बटनं सोडली आणि मागच्या अंगाला हात-पाय धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. जाईबाई अजून अंगणातच होत्या. त्यांना कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

शेवटी चांगुणाबाईंनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "अशी खांबासारखी काय उभी? सकालपासून काय खाल्लंस का नाय? भाऊला बी वाढ."